ताट कोण फिरवणार

माथुरीन रानबदकाची पिसं उपटत होती आणि आपोलिन उगाचच तिच्यासमोर उभी होती. तिने वाटाण्याच्या सूपवरचं झाकण उचललं, आत डोकावली, झाकण परत ठेवलं. मग फळीवरच्या मुरंब्याच्या बरण्या सरळ रांगेत लावल्या. त्या आधीच सरळ होत्या. जहागीरदारांच्या बहिणीने स्वयंपाकघरात येऊन बरण्या हलवाव्यात असं ह्या गढीत कधी होत नसे. म्हातारी माथुरीन काय ते समजली. पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं की काही शिल्लक ठेवायचं नाही, हा तिचा जुना शिरस्ता होता.

"रविवारी पाव कुणाचा गं?" आपोलिनने विचारलं. आवाज अगदी सहज ठेवला होता.

"इसिदोरचा. नदीकडच्या रस्त्यानं पाळी चाललीय ना."

"तो तर एकटा राहतो."

"हो."

"मग पीठ कोण मळणार?"

"आता कोण म्हणजे? देलिमा! शेजारी दुसरं आहे कोण?" माथुरीनने हातावरची पिसं झटकली. "भट्टी सारवून तयार ठेवलीय म्हणे तिनं. तीन थरांचा पाव करणार आहे, वर साखरेचं पाणी फिरवून. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला नव्हतं केलं हो एवढं."

"आणि ताट?"

"ते अजून कुणी बोललं नाही. पण जी पीठ मळते तीच ताट फिरवते, बाईसाहेब. हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे?"

नव्हतंच सांगायला पाहिजे. सेंट लॉरेन्स नदीच्या काठावरच्या ह्या गावात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. दर रविवारी पाळीपाळीने एकेक घर चर्चमध्ये प्रसादाचा पाव आणतं. पाद्रीबाबा त्यावर मंत्र म्हणतात, आणि पाव वाटायच्या आधी त्या घरची बाई दानाचं ताट घेऊन बाकाबाकांतून फिरते. पाव कुणीही भाजून द्यावा, त्याचं एवढं काही नाही. पण ताट धरते ती घरची बाई. एखाद्या विधुराच्या पावाबरोबर एखादी विधवा ताट घेऊन फिरली, की त्यानंतर पाद्रीबाबांनी लग्नाची घोषणा करायची ती केवळ रीत म्हणून. गावाने ती आधीच ऐकलेली असते.

"म्हणजे ठरलंच म्हणायचं," आपोलिन म्हणाली.

"ठरलं काय, झालं म्हणा. बरंच आहे की. तो किती दिवस हातानं शिजवून खाणार?"

"मला काय त्याचं."

"तुम्हाला काही नाही हो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

आपोलिन वर आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिचा जीव नुसता जळत होता. क्वेबेकच्या एका न्यायाधीशाची विधवा, चांगली छत्तीस वर्षांची बाई, आणि गावातल्या एका पाववालीच्या नावाने हाताच्या मुठी आवळून बसली होती.

पंधराएक वर्षांपूर्वी इसिदोर ह्या गढीत आला होता, आणि मागच्या नाही, पुढच्या दाराने. चुलत्याचा कोट घालून आला होता. बाह्या त्याला आखूड होत होत्या. खाजणातल्या गवताच्या गंजींमागे दोघांचं वर्षभर चाललं होतं आणि ते अगदी खरं होतं. तिचे वडील रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. घरात पाहुणे होते, त्यांच्यादेखत म्हणाले, "मुलगी वर आहे. ती खाली येऊन हो म्हणाली, तर माझी ना नाही." आपोलिन जिन्याच्या वरच्या टोकाला उभी राहून सगळं ऐकत होती. ती खाली गेली नाही. पाहुणे जेवायला बसले, काट्याचमच्यांचे आवाज सुरू झाले, तरी तो टोपी हातात धरून उभा होता. मग केव्हातरी गेला. त्यानंतर तिचं लग्न झालं, त्याचंही झालं. त्याची बायको तापाने गेली, तिचा नवरा म्हातारपणाने. मूल दोघांनाही नव्हतं. इंग्रजांचं राज्य येऊन दोन पिढ्या उलटल्या तरी जहागीर होती तशीच होती, फक्त वडिलांच्या खुर्चीवर आता तिचा भाऊ गास्पार बसत होता.

हे जुनं झालं. जुन्याचं एक बरं असतं, त्यात वडिलांना बोल लावता येतो. पण ह्या उन्हाळ्यात जे झालं त्यात वडील कुठे होते? धक्क्यावर नावेतून उतरताना इसिदोरने तिला हात दिला आणि लगेच सोडला नाही. "अजून गारच असतात हात," तो म्हणाला. तो आता नदीवर गलबतं बांधत होता, हाताखाली माणसं होती. तरी त्यानंतर गढीची जुनी होडी बघायला तो स्वतः यायचा, ज्या होडीला काही झालेलं नव्हतं. ती फळीवर बसायची, तो डांबर लावायचा, दोघं बोलायची. एक दिवस गास्पार वरून ओरडला, "कोण आहे गं तिथे?" आणि आपोलिनच्या तोंडून निघून गेलं, "कुणी नाही. सुतार आहे."

इसिदोरने डांबराचं भांडं उचललं. पुन्हा आला नाही.

शनिवारी दुपारी आपोलिन रिकामा वाडगा घेऊन देलिमाच्या घरी गेली. सबब तिने तयार केली होती. रस्ताभर ती मनात घोकत गेली, आणि दारात पोचल्यावर ती सबब तिची तिलाच पोरकट वाटली.

देलिमा कोपरापर्यंत पिठात होती. उंच, रुंद खांद्यांची, तिशीतली बाई. गाल भट्टीने लाल झाले होते आणि उघडे दंड असे भरलेले, गोरे, की आपोलिनने आपली शाल नकळत पुढे ओढून घेतली. देलिमा कुरूप असावी अशी तिची किती इच्छा होती! निदान घर तरी गबाळं असावं. घरही लख्ख होतं.

"या बाईसाहेब. बसा. हात नाही देता यायचा, बघताय ना."

"आमचं आंबवण बिघडलंय," आपोलिन म्हणाली. "थोडं मिळालं तर बघावं म्हटलं."

"गढीतलं आंबवण बिघडलं?" देलिमाने पीठ उलटं करून आपटलं. "सकाळी तर माथुरीन भेटली होती, काही बोलली नाही."

"तिच्या लक्षात राहिलं नसेल."

"तिच्या? तिला माझ्या बारशाला कोण कोण जेवलं ते लक्षात आहे."

आपोलिनची नजर खुंटीवर गेली होती. तिथे एक पुरुषाचा कोट लटकत होता, निळ्या जाड लोकरीचा, कोपराला डांबराचा डाग. तो डाग कधी पडला हे तिला माहीत होतं. ती शेजारीच बसली होती. तो कोट ह्या खुंटीवर बघून तिने वाडगा दोन्ही हातांनी धरला.

देलिमाने तिच्याकडे बघितलं, मग कोटाकडे बघितलं.

"बाही उसवली होती. टाका घालून ठेवला. त्यानं सांगितलं नव्हतं हं. मी न सांगताच पुष्कळ करते. तेच चुकतं माझं, आई म्हणायची." तिने हात थांबवले. "आता विचारा ना सरळ. आंबवण काय मेलं पळून जात नाही."

"उद्या ताट तू फिरवणार आहेस?"

"त्यानं मला विचारलं नाही."

आपोलिनला एकदम इतकं हलकं वाटलं की तिला ते लपवता आलं नाही. देलिमाच्या ते लगेच लक्षात आलं.

"हरखू नका," ती म्हणाली. "पाव कर म्हणाला, केला. ताटाचं काढलं की नदीकडे बघतो. वर्ष झालं मी त्याच्या तोंडाकडे बघतेय आणि तो नदीकडे बघतोय. नदीच्या अंगाला तुमची गढी आहे, हे मला दिसत नाही असं वाटतं त्याला. पण उद्या तो ताट हातात घेऊन उभा राहिला, की मी उठणार."

"न विचारता?"

"न विचारता. अख्ख्या गावादेखत तो मला बस म्हणणार नाही. भला माणूस आहे. शिवाय चारचौघांत कुणी नाकारलं की माणसाचं काय होतं, ते त्याच्याएवढं ह्या गावात कुणाला ठाऊक आहे?"

आपोलिनच्या अंगाचा तिळपापड झाला. "हा डाव झाला. असं कुणाला अडकवायचं..."

"डावच आहे! मग? तुम्ही त्याला पंधरा वर्षं काय केलंत?" देलिमाचा आवाज चढला, पण लगेच तिने तो खाली आणला. "मी बाईसाहेबांना उलट बोलतेय म्हणून राग आला असेल तर येऊ दे. मला तुमचा राग रोज येतो. सकाळी भट्टी पेटवताना येतो. तुम्ही ना त्याला घेता, ना सोडता. पुढच्या बाकावर बसून राहता, आणि त्याचं लक्ष तुमच्या टोपीवरनं हलत नाही."

"तुझं प्रेम आहे त्याच्यावर?"

"मग हे काय मी कोंबड्यांसाठी मळतेय?"

देलिमाने कोपऱ्यातल्या मडक्यातून आंबवण काढलं, आपोलिनचा वाडगा भरला, वर ओला फडका टाकला.

"न्या. बिघडलंय ना तुमचं?"

तो वाडगा घेऊन तिला अख्ख्या रस्त्याने चालत यावं लागलं. माथुरीनने फडका उचलून बघितलं, वास घेतला. "छान आहे हो," म्हणाली, आणि डुकरांच्या बादलीत ओतून दिलं.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. गढीचा बाक सगळ्यांत पुढे, वेदीच्या उजव्या हाताला. त्याला कमरेएवढं दार होतं आणि दाराची कडी बाहेरून. गढीची माणसं आली की चर्चचा भालदार नार्सिस काठी टेकून पुढे व्हायचा, कडी काढायचा, ती आत बसली की लावायचा. गास्पार जाडजूड प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसला. आपोलिनने बसताना मागे वळून बघितलं नाही. देलिमा कुठे बसते ते तिला पाठ झालं होतं, मागे, शेगडीजवळ.

घंटा झाली. इसिदोर पाव घेऊन आला. लाकडी पाटावर तीन थर, खालचा पाटाएवढा रुंद, वरचा मुठीएवढा, कडेने मेणबत्त्या. मागच्या बायकांत कौतुकाची कुजबुज उठली. पाव सुरेख झाला होता. आपोलिनने एखादी भेग, एखादी करपलेली कड शोधून बघितली. नव्हती. आणि इसिदोरने तो निळा कोट घातला होता. उसवलेल्या बाहीवरचा टाका इतका बारीक होता की माहीत नसेल त्याला दिसलाही नसता. तिला मात्र दुसरं काही दिसत नव्हतं.

पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, मंत्र म्हटले. इसिदोरने वेदीपुढच्या कठड्यावरचं पितळी ताट उचललं आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला.

त्याला कुणी नव्हतं. एकटं माणूस तिथे उभं राहिलं तर रीत अशी, की कुणीतरी म्हातारी मावशी, चुलती उठायची, ताट घ्यायची. त्याची मावशी गेल्या हिवाळ्यात गेली होती. तो समोर बघत उभा होता, कुणाकडेच नाही, आणि त्याच्या कानशिलांवर घाम आला होता.

मागे शेगडीजवळ बाक करकरला. लाकडी बुटांचा आवाज झाला, सावकाश, एकेक पाऊल.

आपोलिन उठली.

"बस," गास्पार पुस्तकातून डोकं न काढता म्हणाला.

तिने दार ढकललं. ते हललं नाही. ह्या बाकात ती लहानपणापासून बसत आली होती आणि ते दार तिने एकदाही उघडलं नव्हतं. ती दारावरून वाकली, बाहेरून चाचपडत राहिली. कडी वर होती की खाली, तेही तिला ठाऊक नव्हतं. टोपी तिरकी झाली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. नार्सिस काठी घेऊन धावला, पण त्याला काय करायचं ते उमजेना, कारण उघडायची वेळ तर अजून झाली नव्हती. लाकडी बूट जवळ येत होते. शेवटी कडी तिच्या बोटांना लागली.

पुढच्या बाकाचा एवढाच एक फायदा, तिथून कठडा चार पावलांवर होता. आपोलिन इसिदोरसमोर जाऊन उभी राहिली आणि ताटाला हात लावला. त्याने ताट सोडलं नाही.

"सुताराचं ताट आहे, बाईसाहेब," तो हळू आवाजात म्हणाला. तोंड हसरं नव्हतं.

"माहीत आहे."

"हे घेतलं की परत त्या बाकात जाता येत नाही."

"ते पण माहीत आहे."

"भाऊ बघतोय."

"सगळेच बघतायत. इसिदोर, सोड ना रे."

गावादेखत तिने त्याचं नाव घेतलं होतं, आणि तेही अरे म्हणून. त्याची बोटं सैल झाली. ताट तिच्या हातात आलं. ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जड होतं.

ती वळली तेव्हा देलिमा चर्चच्या मधोमध उभी होती. दोन्ही बाजूंना माणसं, सगळ्या माना तिच्याकडे, आणि तिला पुढे यायला कारण उरलं नव्हतं, मागे जायलाही नव्हतं. क्षणभर, अगदी क्षणभर, आपोलिनला गोड वाटलं. मग तिला देलिमाचे हात दिसले. आज ते स्वच्छ धुतलेले होते आणि काय करावं हे न कळून त्यांनी झग्याचा काठ धरला होता. देलिमाने मान वर केली, जवळच्या बाकावरच्या बाईला म्हणाली, "सरका हो जरा, शेगडीपाशी फार उकडतंय," आणि तिथेच बसली.

आपोलिन बाकाबाकांतून फिरू लागली. मुलांचे हात पोचत नव्हते म्हणून तिने ताट खाली धरलं. माणसं नाणं टाकताना तिच्या तोंडाकडे बघायची नाहीत, ताटाकडे बघायची. तिच्या बापाच्या वेळेपासूनची ही कुळं. तिने हात पुढे करावा आणि त्यांनी द्यावं, असं कधी घडलं नव्हतं. एका म्हातारीने नाणं टाकलं आणि वर तिचा हातही थोपटला. पुढे गास्पारच्या बाकाचं दार उघडंच राहिलं होतं, आणि तो पुस्तकाचं एकच पान उलटत, परत उलटत बसला होता.

ती देलिमाच्या बाकाशी पोचली तेव्हा पाव कापून झाला होता. देलिमाने ताटात नाणं टाकलं. वर बघितलं नाही.

तेवढ्यात नार्सिस धापा टाकत आला. पांढऱ्या रुमालावर एक तुकडा होता, वरच्या थराचा, साखरेने चकाकणारा. गढीच्या बाईचा मानाचा तुकडा नेहमी वेगळा कापलेला असे. बाकात बाई नाही म्हणून तो सगळीकडे तिला शोधत आला होता.

"बाईसाहेब, आपला तुकडा."

आपोलिनने रुमालाकडे बघितलं. "पाव आमच्या घरचा आहे, नार्सिस. घरच्यांनी आधी कसं खायचं? इथे दे."

नार्सिसने रुमाल देलिमापुढे धरला. देलिमाने तुकडा घेतला, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि न मोडता सबंध तोंडात घातला. तिने तो बराच वेळ चावला. डोळे भरून आले होते ते तिने तसेच राहू दिले.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

आपोलिन ताट घेऊन पलीकडच्या बाकाकडे सरकली.

सगळ्यांना वाटून झाल्यावर टोपलीच्या तळाशी दोन तुकडे राहिले होते, कडेचे, जरा कडक. कठड्याच्या बाजूला उभ्या उभ्या दोघांनी ते खाल्ले. आपोलिनने घास सावकाश घोळवला. लोण्याचा वास होता, मऊपणा होता, मीठ अगदी बेताचं, जिथल्या तिथे. असा पाव तिला जन्मात कधी जमणार नव्हता.

"कसा झालाय?" इसिदोरने विचारलं.

तिने त्याच्या बाहीवरच्या बारीक टाक्याकडे बघितलं.

"चांगला आहे," ती म्हणाली. "मीठ तेवढं कमी पडलंय."